'मराठा' या नावाची म्हैसूरकडील बाजू

नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटक शासनाने राज्यातील मराठा समाजासाठी एक विकास प्राधिकरण स्थापन करण्याची आणि त्यासाठी ५० कोटी रुपयांची तरतूद करण्याची घोषणा केली. बसवकल्याण येथील विधानसभेची पोटनिवडणूक तेव्हा समोर दिसत होती. घोषणेविरुद्ध कन्नड संघटनांनी आवाज उठवला आणि ५ डिसेंबरला 'कर्नाटक बंद'ची हाक दिली. शासनाला खुलासा करावा लागला, की ही योजना कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठा समाजासाठी आहे, मराठी भाषेसाठी नव्हे. पुढे 'प्राधिकरण' हा शब्द मागे पडून 'निगम' हा शब्द आला. वाद राजकीय होता, आणि त्याचे राजकीय विवेचन इतरत्र पुष्कळ झाले आहे. भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकाला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. एकच शब्द एका पक्षाने जातीचे नाव म्हणून उच्चारला आणि दुसऱ्या पक्षाने तो भाषेचे व प्रदेशाचे नाव म्हणून ऐकला. दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर होते, कारण 'मराठा' या शब्दात हे दोन्ही अर्थ आहेत आणि आणखीही काही आहेत.

महाराष्ट्रात राहून या शब्दाचा विचार करणाऱ्याला त्याचा एक अर्थ इतका जवळचा असतो, की बाकीचे अर्थ दिसेनासे होतात. म्हणून प्रस्तुत निबंधात हा शब्द म्हैसूरच्या बाजूने पाहण्याचे योजिले आहे. म्हैसूर हे मराठी भाषेचे क्षेत्र नव्हे. पण मराठी बोलणारी माणसे तेथे किमान साडेतीन शतके आहेत. सैन्याबरोबर आलेली आहेत, कचेरीत लेखणी धरणारी आहेत, सुईदोरा घेऊन आलेली आहेत आणि पाठीवर चामड्याच्या बाहुल्यांचे बोचके घेऊन गावोगाव फिरणारीही आहेत. या सर्वांना एकच नाव का मिळाले नाही, आणि ज्यांना मिळाले त्यांना ते कोणत्या मोलाने मिळाले, हा खरा प्रश्न आहे.

शब्दाच्या उगमाविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे या शब्दकुळातील एका प्राचीन रूपाचा पुरावा म्हैसूर संस्थानाच्याच भूमीत सापडलेला आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन प्रतिमालेखात 'महारठि' ही पदवी येते, हे सर्वपरिचित आहे. तीच पदवी धारण करणाऱ्या एका सत्ताधीशाची शिशाची नाणी चित्रदुर्ग परिसरात मिळाली, आणि चित्रदुर्ग हा जुन्या म्हैसूर संस्थानाचा एक जिल्हा होता. 'महारठि' आणि पुढचा 'मऱ्हाटा' यांचा संबंध सरळ आहे की नाही, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु 'महारठि' हे त्या काळी लोकसमूहाचे नव्हे तर दर्जाचे नाव होते, एवढे स्पष्ट आहे. सामान्य शेतकऱ्याला कोणी 'महारठि' म्हणत नव्हते. या शब्दकुळात वर्गवाचक छटा नंतर मिसळली नाही. तिचे बीज प्रारंभापासूनच होते.

यानंतर दीर्घकाळ प्रदेशवाचक अर्थ पुढे येतो. दुसऱ्या पुलकेशीच्या इ. स. ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखात रविकीर्तीने तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतील ९९,००० गावांचा उल्लेख केला आहे. 'महाराष्ट्रा'चा हा गौरवपूर्ण उल्लेख कर्नाटकातील एका राजाच्या प्रशस्तीत यावा, यात त्या काळच्या माणसाला काहीच विसंगत वाटले नसणार. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील लोकांना 'मरहटा' म्हटले आहे आणि त्यांच्यातील प्रतिष्ठितांत ब्राह्मणांचीही गणना केली आहे. मोरक्कोच्या त्या प्रवाशाच्या दृष्टीने 'मरहटा' हे एका मुलखातील सगळ्या लोकांचे नाव होते. बाहेरून पाहणाऱ्याला समूह दिसतो आणि आतून पाहणाऱ्याला पायऱ्या दिसतात. या शब्दाच्या इतिहासात हा नियम पुन्हापुन्हा प्रत्ययास येतो.

म्हैसूरच्या जनमानसात 'मराठा' शब्दाला जो अर्थ रुजला, तो सतराव्या शतकात. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली आदिलशाही फौजेने केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर जिंकून घेतले आणि तो प्रदेश शहाजीराजांच्या जहागिरीत आला. शहाजीराजे १६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी निधन पावले. त्यांची समाधी आजही तेथे आहे. त्यांचे पुत्र व्यंकोजी म्हणजेच एकोजी यांनी पुढे तंजावर हे आपले केंद्र केले. १६८७ मध्ये मोगल सेनापती कासीमखानाने बंगळूर घेतले आणि म्हैसूरचा राजा चिक्कदेवराज याला ते ३ लाख रुपयांना दिले. सुमारे अर्धशतक मराठ्यांच्या हाती असलेले शहर अशा रीतीने विकत घेतले गेले. 'अप्रतिमवीर' ही चिक्कदेवराजाची पदवीही मराठ्यांशी झालेल्या संघर्षाच्या स्मृतीशी जोडली गेलेली आहे. म्हणजे म्हैसूरच्या राजघराण्याच्या गौरवगाथेत 'मराठा' हा प्रतिस्पर्ध्याच्या रूपाने उभा राहिला.

अठराव्या शतकात ही प्रतिमा अधिक कठोर झाली. पहिल्या बाजीरावाची स्वारी श्रीरंगपट्टणपर्यंत पोहोचली होती. १७५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी श्रीरंगपट्टणला वेढा दिला, तेव्हा खंडणीची रक्कम पुरी करता न आल्यामुळे म्हैसूरला तालुके गहाण टाकावे लागले. थोरल्या माधवरावांच्या काळात हैदरअलीशी झालेल्या युद्धांत १७७१ मध्ये चिनकुरळी येथे हैदरचा मोठा पराभव झाला. मराठी बखरींत आणि नंतरच्या इतिहासलेखनात या मोहिमा 'कर्नाटकच्या स्वाऱ्या' म्हणून येतात. ज्या गावांवरून त्या स्वाऱ्या गेल्या त्या गावांच्या आठवणीत त्या कशा राहिल्या असतील, याचा अंदाज फ्रान्सिस ब्युकॅननच्या १८०० ते १८०१ मधील प्रवासवृत्तांतावरून येतो. परशुरामभाऊंच्या सैन्याने उजाड केलेल्या वस्त्यांचा उल्लेख त्यात वारंवार आढळतो. अशा शेतकऱ्याच्या तोंडी 'मराठा' हा शब्द ना जातीचा होता ना भाषेचा. घोड्यावरून येणारी आणि उभे पीक नेणारी सत्ता, असा त्याचा अर्थ होता.

येथे धर्माचा प्रश्न उपस्थित होतो. 'मराठा' हा शब्द गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत धार्मिक अस्मितेच्या परिभाषेत इतका गुंतला गेला आहे, की त्याचा तसा अर्थ नेहमीच होता असा समज होतो. म्हैसूरचा पुरावा हा समज तपासून पाहावयास लावतो. १७९१ मध्ये, तिसऱ्या म्हैसूर युद्धाच्या काळात, पटवर्धनांच्या सैन्याबरोबर असलेल्या लमाण-पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेच्या मूर्तीलाही उपसर्ग पोहोचला. ब्राह्मण सरदाराच्या सैन्याबरोबरचे लोक शंकराचार्यांचे पीठ लुटतात आणि त्या पीठाच्या पुनःप्रतिष्ठेसाठी टिपू सुलतान साहाय्य करतो, हा प्रसंग कोणत्याही सोप्या सूत्रात बसत नाही. टिपूने शृंगेरीच्या स्वामींना लिहिलेली कन्नड पत्रे म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांना १९१६ मध्ये मठात मिळाली. या घटनेवरून टिपूची किंवा पटवर्धनांची एकूण धर्मनीती ठरवणे घाईचे होईल. पटवर्धनांच्या मूळ फौजेचा या लुटीत किती हात होता, याविषयीही वाद आहे. परंतु एवढे निश्चित, की 'मराठा' म्हणजे हिंदू आणि म्हैसूरची सत्ता म्हणजे मुसलमान अशी विभागणी करून हा प्रसंग वाचता येत नाही. त्या दिवशी शृंगेरीत 'मराठे' हा शब्द उच्चारला गेला असेल, तर तो धर्मबंधूंच्या नावासारखा खचित उच्चारला गेला नसेल.

याहून बोलके उदाहरण धोंडिया वाघ याचे आहे. चन्नगिरीचा हा मराठा शिपाईगडी हैदर-टिपूंच्या पदरी होता, पुढे त्याने स्वतंत्रपणे धुमाकूळ घातला, टिपूच्या हाती सापडला, सक्तीने मुसलमान केला गेला आणि कैदेत पडला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो मोकळा झाला आणि टिपूच्या मोडलेल्या फौजेतील माणसे जमवून त्याने इंग्रजांशी युद्ध मांडले. ज्या सुलतानाने त्याला बंदीत टाकले, त्याच सुलतानाचे शिपाई त्याच्या झेंड्याखाली आले. १० सप्टेंबर १८०० रोजी कोनगल येथे आर्थर वेलस्लीच्या घोडदळाशी लढताना तो मारला गेला. त्याच्या लहान मुलाचा, सलाबतखानाचा, प्रतिपाळ वेलस्लीनेच केला. बापाचे रूढ नाव धोंडिया आणि मुलाचे सलाबतखान. या दोन नावांच्या मधले अंतर कोणत्या शिक्क्याने भरून काढावयाचे? त्याला मराठा म्हणावे तर तो मुसलमान झालेला होता, मुसलमान म्हणावे तर त्याचे रूढ नाव मराठमोळे होते, आणि म्हैसूरचा म्हणावे तर म्हैसूरच्या दरबाराने त्याला बंडखोरच ठरवले. जे प्रश्न आज आपण विचारतो ते त्याच्या काळात त्याला कोणी विचारले नसावेत. त्या काळी मनगटाला विचारणा होती. नावाची चौकशी नंतरच्या काळाने सुरू केली.

आता म्हैसूरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसांकडे वळू. येथे 'मराठा' शब्दाची वर्गीय बाजू अधिक स्पष्ट होते. सर्वांत वरच्या पायरीवर देशस्थ ब्राह्मण होते. हैदर आणि टिपू यांच्या सेवेत चढत गेलेला आणि १७९९ नंतर बालराजा तिसऱ्या कृष्णराजाचा दिवाण म्हणून संस्थानाचा कारभार सांभाळणारा पूर्णय्या (१७४६ ते १८१२) हा माध्व देशस्थ होता. येळंदूरची जहागीर त्याला मिळाली, आणि त्याच्या वंशातील पी. एन. कृष्णमूर्ती हे १९०१ ते १९०६ या काळात म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांच्यानंतर व्ही. पी. माधवराव (१९०६ ते १९०९) आणि टी. आनंदराव (१९०९ ते १९१२) दिवाण झाले. आनंदराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणगिरी गाजवणाऱ्या सर टी. माधवरावांचे पुत्र. सर विश्वेश्वरय्या यांच्यापूर्वीची अकरा वर्षे म्हैसूरची दिवाणगिरी अशा रीतीने देशस्थांकडे होती. पूर्वीच्या काळी संस्थानाच्या दप्तरात कन्नडबरोबर मराठी लेखनही चाले, आणि ते लिहिणारा वर्ग प्रामुख्याने हाच होता. नगर प्रांतात १८३० मध्ये झालेल्या शेतकऱ्यांच्या उठावाची जी चौकशी झाली, तिच्यात तेथील फौजदाराने आपल्या नातलगांना जागा दिल्याची तक्रार आढळते. लेखणीची सत्ता रयतेला कशी जाणवत होती, याचे ते निदर्शक आहे.

या वर्गाला म्हैसूरमध्ये कोणी सहसा 'मराठा' म्हटले नाही. त्यांची ओळख 'देशस्थ' आणि नावापुढील 'राव' यांवरून पटे. 'राव' हा प्रत्यय दक्षिणेत केवळ मराठीभाषकांचा नव्हे, हे मान्य केले तरी कचेरीच्या वातावरणात त्याला एक विशिष्ट प्रतिष्ठा होती, हे नाकारता येत नाही. 'देशस्थ' शब्दाचा अर्थही येथे बदलला. मूळ शब्द भूगोलाचा आहे. घाटमाथ्यावरील देशात राहणारा तो देशस्थ, आणि कोकणस्थाच्या शेजारी ठेवल्यावरच त्याला अर्थ येतो. म्हैसूरमध्ये ना तो देश उरला ना समोरचे कोकण. भूगोल गळून पडला आणि कुलीनता व शिक्षण यांची खूण तेवढी शिल्लक राहिली.

दुसऱ्या पायरीवर घोडेस्वार होते. म्हैसूर संस्थानाचे शिलेदारी घोडदळ प्रसिद्ध होते. 'शिलेदार' आणि 'बारगीर' हे शब्द मराठी लष्करी व्यवस्थेतून म्हैसूरच्या व्यवहारात रुळले. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद मुळात मालमत्तेचाच भेद होय. 'मराठा' हे नाव म्हैसूरमध्ये अभिमानाने मिरवणारा वर्ग मुख्यतः हा होता. शस्त्र, वतन आणि देशावरून आल्याची आठवण या तीन गोष्टींवर त्याची उभारणी झालेली होती.

तिसऱ्या पायरीवर सुई, रंग आणि कापड यांवर जगणारे लोक होते. नामदेव शिंपी आणि भावसार क्षत्रिय हे समाज दक्षिणेत दूरवर पसरले. म्हैसूर, बंगळूर, शिवमोग्गा येथील बाजारपेठांत त्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. कन्नड शेजाऱ्याने त्यांना धंद्यावरून 'दर्जी' म्हटले. घरात विठ्ठलाचे अभंग, बाहेर कन्नड बोली आणि सरकारी कागदावर व्यवसायाचे नाव, अशी त्यांची त्रिस्तरीय ओळख होती. त्यांच्या जातिसभांनी पुढे 'क्षत्रिय' या शब्दाचा आग्रह धरला. त्यामागची ओढ समजण्यासारखी आहे. धंद्यावरून पडलेले नाव दुसऱ्याने दिलेले असते आणि वर्णावरून घेतलेले नाव आपण निवडलेले असते.

सर्वांत खालच्या पायरीवरील लोकांकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष फार थोडे गेले आहे. कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे किळ्ळेक्यात घरी मराठीशी नाते सांगणारी बोली बोलतात आणि पडद्यामागून रामायण-महाभारताची कथा मात्र कन्नडात सांगतात. पहाटे डमरू वाजवून भविष्य सांगणाऱ्या बुडबुडक्यांची घरची भाषाही अनेक ठिकाणी मराठीच. सीमेपलीकडे आंध्रातील चामडी बाहुल्यांच्या खेळियांतही हेच दिसते. यांना कोणी 'मराठा' म्हणून सन्मानले नाही. त्यांच्यासाठी दक्षिणेत 'आरे' हा शब्द होता. कन्नड, तुळू आणि तेलुगू भाषांच्या परिसरात 'आरे' म्हणजे मराठी माणूस. एडगर थर्स्टनने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दक्षिणेतील जातिजमातींच्या सात खंडांत हा शब्द 'मराठी'चा पर्याय म्हणूनच दिला आहे. (कोडगू आणि सुळ्य भागातील 'अरेभाषे'शी याची गल्लत करू नये. तेथील 'अरे' म्हणजे अर्धी, आणि ती कन्नडची बोली आहे.) एकाच मुलखातून आलेल्या माणसांसाठी दक्षिणेने दोन शब्द ठेवले. शिलेदार 'मराठा' या नावाने ओळखला जावा आणि बाहुलेवाल्याच्या वाट्याला 'आरे' यावे, अशी काटेकोर वाटणी झाली असे म्हणता येणार नाही, कारण अनेक ठिकाणी दोन्ही नावे एकत्र येतात. तथापि पोट भरल्यावर माणसे 'आरे'कडून 'मराठा'कडे सरकली, उलट दिशेने मात्र क्वचितच गेली, असे अनुमान बांधता येते.

महाराष्ट्रातही याच काळात शब्दाच्या अर्थाचे आकुंचन-प्रसरण चालू होते. ग्रँट डफने १८२६ मध्ये आपल्या इतिहासात हा पेच नेमका टिपला आहे. परमुलखाच्या माणसाशी तुलना करताना 'मराठा' हे नाव सर्वांना लागू पडते. पण आपसांत मराठी ब्राह्मण स्वतःला 'मराठ्या'पासून काळजीपूर्वक वेगळा ठेवतो. हे नाव कुणब्यांपर्यंत पोहोचले असले तरी काटेकोरपणे ते लष्करी पेशाच्या घराण्यांचेच आहे, असे त्याच्या विवेचनाचे सार आहे. म्हणजे तीन वर्तुळे झाली. सर्वांत मोठे मुलखाचे, मधले शेतकरी जातिसमूहाचे आणि सर्वांत आतले घराण्यांचे. शब्द एकच, पण बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण यावर वर्तुळ ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठे वर्तुळ प्रभावी होते. १८८१ मध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर प्रभृतींनी 'केसरी'बरोबर जे इंग्रजी पत्र काढले त्याचे नाव 'मराठा' होते. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासाच्या शीर्षकात हाच शब्द संतांपासून सरदारांपर्यंत सर्वांना कवेत घेतो. पुढे १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांनी आपल्या दैनिकाचे नाव 'मराठा' ठेवले, तेव्हाही हाच व्यापक अर्थ अभिप्रेत होता. त्याच वेळी दुसरीकडे आतले वर्तुळ घट्ट होत होते. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणाने 'मराठा' हे नाव क्षत्रियत्वाच्या दाव्याशी जोडले. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने छत्रपती शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, आणि त्या वर्गांत बहुजन मराठा शेतकरीही होता. १९१९ च्या सुधारणांनुसार मुंबई कायदेमंडळात 'मराठा व तत्सम जातीं'साठी ७ जागा राखीव ठेवण्यात आल्या. या वाक्प्रयोगात शब्दाचा सगळा इतिहास सामावलेला आहे. 'मराठा' म्हणजे एक जात, आणि 'तत्सम' म्हणजे ज्यांना त्या नावात घ्यावे की घेऊ नये याचा निर्णय झालेला नाही ते सर्व.

म्हैसूरमध्ये हाच निर्णय १९१८ मध्ये दुसऱ्या वाटेने झाला. १९१७ मध्ये प्रजामित्र मंडळी ही ब्राह्मणेतरांची संघटना स्थापन झाली, आणि पुढच्या वर्षी चौथ्या कृष्णराज वडियारांनी सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सरकारी नोकऱ्यांत प्रतिनिधित्व अपुरे असल्यामुळे ब्राह्मणांखेरीज इतर समाजांना मागासलेले मानावे, असा या समितीच्या अहवालाचा रोख होता. या एका रेषेने म्हैसूरमधील मराठी समाज दोन भागांत विभागला गेला. एकच भाषा बोलणारे, एकच पंढरपूर मानणारे देशस्थ कारकून आणि मराठा शिलेदार आता परस्परविरुद्ध रकान्यांत गेले. ही रेषा अन्यायाची होती असे म्हणण्याचा हेतू नाही. कचेऱ्यांतील जागा कोणाच्या हाती एकवटल्या होत्या हे वर आलेच आहे, आणि त्या असमतोलाला उत्तर देणे आवश्यकच होते. मुद्दा इतकाच, की भाषेने जे एकत्र ठेवले होते ते वर्गाने आधीच वेगळे केले होते. समितीने ते कागदावर मान्य केले.

कागदाची सत्ता किती विलक्षण असते, याचे प्रमाण आजच्या कर्नाटकाच्या याद्यांत मिळते. राज्याच्या मागासवर्गीयांच्या यादीत मराठा समाज ३-ब प्रवर्गात आहे. लिंगायत, बंट, दिगंबर जैन आणि ख्रिस्ती हे समाजही त्याच प्रवर्गात आहेत. परंतु म्हैसूरला लागून असलेल्या कोडगू जिल्ह्यापुरता 'मराठा' हा शब्द अनुसूचित जमातींच्या यादीत आढळतो, आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यात 'मराटी' हा समाज अनुसूचित जमात गणला जातो. म्हैसूरहून मडिकेरीपर्यंतचे अंतर सुमारे १२० किलोमीटर. तेवढ्या वाटेवर एकाच उच्चाराचा शब्द मध्यम शेतकरी जातीचे नाव सोडून आदिवासी समूहाचे नाव होतो. ही माणसे एक नव्हेत, त्यांचा इतिहासही एक नव्हे. समान आहे तो केवळ शब्द. महाराष्ट्रात याच्या उलट दृश्य दिसते. तेथे माणसे पुष्कळशी एकच असतात, पण 'मराठा' आणि 'कुणबी' हे शब्द दोन. आणि आजोबांच्या दप्तरातील नोंद कोणत्या शब्दाने झाली यावर नातवाचा हक्क अवलंबून राहतो. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा रद्द ठरवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्के आरक्षणाचा नवा कायदा झाला, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींना पुन्हा महत्त्व आले. ज्या शब्दासाठी एका पिढीने क्षत्रियत्वाचा दावा मांडला, त्याच शब्दाच्या शेजारचा 'कुणबी' हा शब्द दुसऱ्या पिढीला हवा आहे. यात ढोंग पाहणे उथळपणाचे ठरेल. शेतीतील उत्पन्न आणि शिक्षणाचा खर्च यांचा मेळ बसेनासा झाला, की माणसे नावाचा अर्थ नव्याने तपासू लागतात.

साहित्यात या शब्दाचे पडसाद कसे उमटले, याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. उत्तर कर्नाटकात गळगनाथांनी (१८६९ ते १९४२) हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कन्नडात आणल्या, आणि त्या द्वारे मराठा वीर कन्नड वाचकाचा आपला नायक झाला. त्याच भाषेच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या म्हैसूरच्या परंपरेत, 'मराठा' हा चिक्कदेवराजाने परतवून लावलेला शत्रू होता. एकाच भाषेत एका शब्दाच्या दोन स्मृती नांदत होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. शं. बा. जोशी यांनी 'मऱ्हाटी संस्कृती: काही समस्या' या १९५२ च्या ग्रंथात या नावाचे मूळ कन्नड-मराठी अशा संयुक्त भूमीत शोधण्याचा प्रयत्न केला. रा. चिं. ढेरे यांनी भोसले घराण्याचे मूळ दक्षिणेत, होयसळांशी जोडून दाखवले. या दोघांचे निष्कर्ष सर्वांनी स्वीकारलेले नाहीत. परंतु त्यांची दिशा मोलाची आहे, कारण 'मराठा' या शब्दाचा शोध केवळ महाराष्ट्राच्या सीमेत घेता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

अर्थशास्त्रज्ञ नव्हे, तर अर्थविचार करणारा भाषाभ्यासक या सगळ्यातून काय घेईल? शब्दार्थाच्या बदलाला आपण अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थोत्कर्ष, अर्थापकर्ष अशी नावे देतो आणि जणू शब्द आपोआप फुगतात किंवा आकसतात असे मानतो. 'मराठा' शब्दाच्या बाबतीत प्रत्येक विस्तारामागे कोणाला तरी एकजूट हवी होती, आणि प्रत्येक संकोचामागे कोणाला तरी वेगळे राहावयाचे होते किंवा कोणाला तरी बाहेर ठेवावयाचे होते. पदवी, मुलूख, फौज, जात, मतदारसंघ, प्रवर्ग ही या एका शब्दाची स्थित्यंतरे आहेत. यांतील कोणतेही पूर्वीच्या अर्थाला पुसून टाकत नाही. ते एकावर एक साचत जातात, आणि २०२० मध्ये झाले तसे एखाद्या सरकारी घोषणेत एकदम वर येतात.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र शासनाने आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. १९३१ नंतर देशभर सर्व जातींची अशी गणना झालेली नाही. म्हैसूरच्या एखाद्या गल्लीत प्रगणक जेव्हा जातीचा रकाना भरू लागेल, तेव्हा एका दारी 'मराठा', दुसऱ्या दारी 'आरे', तिसऱ्या दारी 'भावसार क्षत्रिय' आणि चौथ्या दारी 'ब्राह्मण' अशी उत्तरे त्याला मिळतील. आणि मातृभाषेच्या रकान्यात चारही ठिकाणी कदाचित 'मराठी' लिहिले जाईल, कदाचित नवी पिढी 'कन्नड' सांगेल. बाहुल्यांचा खेळ करणाऱ्याच्या दारी तो पोहोचेलच याची खात्री नाही, कारण त्याला दार असेलच असे नाही. मराठीच्या इतिहासाचा विद्यार्थी या सर्व उत्तरांतून एकच खरे उत्तर निवडू लागला, तर म्हैसूरच्या साडेतीन शतकांतील निम्मी माणसे त्याच्या हातून निसटतील.